स्पिट्झर : एका थंड दुर्बिणीची घडण

फ्लोरिडातल्या केप कॅनव्हरलवरून २५ ऑगस्ट २००३ रोजी डेल्टा-२ रॉकेटने एक दुर्बीण सूर्याभोवतीच्या कक्षेत सोडली. तिचा आरसा ८५ सेंटिमीटर व्यासाचा होता. त्या काळी जमिनीवर आठ आणि दहा मीटरच्या दुर्बिणी काम करत होत्या. अवकाशातल्या हबलचा आरसा २.४ मीटरचा होता. मापाने पाहिले तर ही दुर्बीण फारच लहान. पण तिची पहिली कल्पना कागदावर आली १९७१ साली, आणि तेव्हापासून उड्डाणापर्यंत बत्तीस वर्षे गेली. एवढ्याशा आरशाला इतका काळ का लागला, त्या काळात कोणी काय केले, आणि अखेर जी दुर्बीण उडाली ती मूळ कल्पनेहून इतकी वेगळी आणि माझ्या मते इतकी सरस कशी निघाली, हे सांगण्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे.

दुर्बिणींविषयीचे आपले लेखन बहुधा छायाचित्रांपासून सुरू होते आणि छायाचित्रांपाशीच संपते. तेजोमेघांचे रंग, दीर्घिकांचे सर्पिल हात, मग थोडी माहिती. यंत्र मात्र आयतेच आकाशात असते, जणू ते कोणी घडवलेच नाही. स्पिट्झरच्या बाबतीत असे केले तर सर्वांत महत्त्वाची गोष्ट हातातून निसटते. या दुर्बिणीची खरी कर्तबगारी तिच्या आराखड्यात आहे. तो आराखडा सुचला, तेव्हा प्रकल्पाचा पैसा जवळजवळ पूर्णपणे आटला होता. दुर्बिणीतले नेमके काय थंड असायला हवे आणि ते कधी थंड व्हायला हवे, हा साधा प्रश्न तोवर कोणी नव्याने विचारलाच नव्हता. तो विचारला गेला आणि सगळे बदलले.

थंडीचा हा ध्यास कशासाठी, ते आधी समजून घ्यावे लागेल.

१८०० साली इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेल यांनी सूर्यप्रकाश लोलकातून नेला आणि निरनिराळ्या रंगांत तापमापक ठेवून पाहिले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथेही पारा चढला. ही अवरक्त किरणांची पहिली ओळख. आपल्याला दिसणारा प्रकाश साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉन तरंगलांबीचा असतो. अवरक्त पट्टा त्यापुढे सुरू होतो आणि काहीशे मायक्रॉनपर्यंत जातो. ज्या वस्तूला तापमान आहे ती वस्तू किरणे बाहेर टाकते. वस्तू जितकी थंड, तितकी तिच्या किरणांची तरंगलांबी जास्त. सूर्यासारखा सहा हजार अंशांचा तारा दृश्य प्रकाशात तळपतो. आपले शरीर, घराची भिंत, चहाचा कप हे सारे दहा मायक्रॉनच्या आसपास उजळलेले असतात. ताऱ्यांच्या दरम्यानची गोठलेली धूळ शंभर मायक्रॉनच्या आसपास. विश्वातल्या ज्या गोष्टी तारा होण्याइतक्या तापलेल्या नाहीत, त्या सगळ्या अवरक्तात शोधाव्या लागतात. शिवाय तारे जन्मतात ते धुळीच्या दाट ढगांच्या पोटात. दृश्य प्रकाश तिथून बाहेर पडू शकत नाही. अवरक्त किरण पडतात.

अडचणी दोन होत्या. हवेतली पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड या पट्ट्याचा मोठा भाग गिळून टाकतात. उंच डोंगरावर गेले तरी मोजक्याच फटी उघड्या सापडतात. दुसरी अडचण अधिक कठीण. दुर्बीण स्वतः गरम असते. तिचा आरसा, नळी, आधाराचे खांब, वरची हवा हे सारे नेमक्या त्याच पट्ट्यात उजळत असते ज्यात पाहायचे आहे. पेटलेल्या पेट्रोमॅक्सला डोळे लावून दूरच्या शिवारातला काजवा शोधण्यासारखे हे काम. त्यामुळे अवरक्त खगोलशास्त्राचा इतिहास हा वर चढण्याचा आणि थंड होण्याचा इतिहास आहे.

या इतिहासातला माझा सर्वांत आवडता माणूस फ्रँक लो. १९६१ साली ते डॅलसमध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत काम करत होते. गॅलियमचा अंश मिसळलेला जर्मेनियमचा बारीकसा तुकडा द्रव हेलियमच्या तापमानाला ठेवला, तर तो उष्णतेचा अतिशय हळवा मापक ठरतो, हे त्यांनी दाखवले. हाच तो बोलोमीटर. लांब तरंगलांबीच्या अवरक्तात आकाश पाहण्याचे दार या तुकड्याने उघडले. पुढे लो ॲरिझोना विद्यापीठात गेले आणि दुर्बीण विमानातून वर नेण्याची खटपट त्यांनी सुरू केली. लिअरजेट विमानात साधारण ३० सेंटिमीटरची दुर्बीण बसवून बहुतेक पाण्याची वाफ खाली राहील इतक्या उंचीवरून त्यांनी निरीक्षणे घेतली. त्यातूनच पुढे ९० सेंटिमीटरची क्विपर विमान-वेधशाळा उभी राहिली आणि १९७४ पासून वीस वर्षांहून अधिक काळ उडत राहिली.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियात गेरी न्यूगेबाउअर आणि रॉबर्ट लेटन यांनी स्वतः तयार केलेल्या दीड मीटरच्या प्लॅस्टिकच्या आरशाने माउंट विल्सनवरून दोन मायक्रॉनला आकाश विंचरून काढले. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या यादीत साडेपाच हजारांहून अधिक स्रोत होते. साध्या डोळ्यांना परिचित असलेल्या आकाशाच्या शेजारी एक दुसरे आकाश आहे, याची ती पहिली ठोस पावती होती.

पण जमिनीवरून आणि विमानातून दिसते ते गरम दुर्बिणीतून दिसते. पूर्णपणे थंड दुर्बीण अवकाशात नेली तर काय होते, हे दाखवले आयरास या उपग्रहाने. अमेरिका, नेदरलँड्स आणि ब्रिटन यांनी मिळून तयार केलेला हा उपग्रह २५ जानेवारी १९८३ रोजी उडाला. ५७ सेंटिमीटरची दुर्बीण, द्रव हेलियमच्या टाकीत बसवलेली. हेलियम २१ नोव्हेंबरला संपला. त्या दहा महिन्यांत आयरासने ९६ टक्के आकाश १२, २५, ६० आणि १०० मायक्रॉन या चार पट्ट्यांत पाहून घेतले आणि सुमारे अडीच लाख स्रोतांची यादी दिली.

आयरासच्या कामातली एक गोष्ट या पुस्तकात पुन्हा पुन्हा येईल. अभिजित हा तारा, म्हणजे व्हेगा, खगोलशास्त्रज्ञ इतरांचे तेज मोजण्यासाठी मानक म्हणून वापरत आले आहेत. हार्टमुट ऑमन आणि फ्रेड गिलेट आयरासची मापने अभिजितवर तपासून घेत होते. लांबच्या तरंगलांब्यांना तो तारा असायला हवा त्यापेक्षा कितीतरी अधिक तेजस्वी निघाला. आधी यंत्राचाच दोष असावा असे वाटले. दोष नव्हता. ताऱ्याभोवती धुळीचे कडे होते आणि ते ताऱ्याच्या उबेने उजळत होते. आपल्या सूर्याखेरीज दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रह घडवणाऱ्या किंवा ग्रहांच्या घडणीतून उरलेल्या मालाचा हा पहिला पुरावा. इतर ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी, सगळ्या मापांचे माप म्हणून धरलेल्या ताऱ्याने तो दिला.

आता मूळ कथेकडे. १९७१ साली नासाच्या एम्स केंद्रातून जी कल्पना पुढे आली, ती शटलला जोडून नेण्याच्या थंड दुर्बिणीची होती. तिचे कामकाजी नाव सर्टफ. त्या वेळी शटल वारंवार आणि स्वस्तात उडेल अशी सगळ्यांची खात्री होती. दुर्बीण शटलच्या माल ठेवण्याच्या खणात बसवायची, काही आठवडे निरीक्षण करायचे, परत आणायची, हेलियम भरायचा, उपकरणे बदलायची आणि पुन्हा न्यायची. कल्पना आकर्षक होती आणि तिने पुष्कळ वर्षे खाल्ली. शटलच्या भोवती त्याचाच वायू, वाफ आणि धुळीचे कण असतात. त्याचे अंग गरम असते. १९८५ च्या उन्हाळ्यात चॅलेंजर या शटलवरच्या स्पेसलॅब-२ मोहिमेत जिओव्हानी फाझिओ यांच्या गटाने एक छोटी हेलियमने थंड केलेली दुर्बीण नेली. इन्सुलेशनचा एक सुटा तुकडा तिच्या दृष्टीच्या वाटेत आला आणि निरीक्षणांचा मोठा भाग बिघडला. आयरासच्या स्वच्छ यशापुढे हे पाहिल्यावर वाद उरला नाही. दुर्बीण स्वतंत्र उपग्रह म्हणूनच जायला हवी, हा निर्णय खरे तर १९८३ मध्येच झाला होता. स्पेसलॅबने त्यावर शिक्का मारला.

१९८४ साली उपकरणांचे प्रमुख ठरले. छायाचित्रांचा कॅमेरा स्मिथसोनियनच्या फाझिओंकडे, वर्णपटमापक कॉर्नेल विद्यापीठाच्या जेम्स हाउक यांच्याकडे आणि लांब तरंगलांबीचे उपकरण ॲरिझोनाच्या जॉर्ज रीके यांच्याकडे. फ्रँक लोही या गटात होते. प्रकल्पाचे मुख्य शास्त्रज्ञ मायकेल वर्नर. ही नावे वाचकाने लक्षात ठेवावीत, कारण वीस वर्षांनी उड्डाणाच्या दिवशीही हीच नावे आहेत. माणसाच्या नोकरीतली सर्वांत उमेदीची वर्षे एका न उडालेल्या यंत्रावर खर्च होतात, दर दोन-तीन वर्षांनी आराखडा नव्याने मांडावा लागतो, आणि तरी माणसे टिकून राहतात. या चिकाटीबद्दल मला विलक्षण आदर आहे, आणि पुस्तकात तो लपवलेला नाही.

वाट पाहण्याच्या या काळाने एक फायदा करून दिला. आयरासमध्ये एकेक सुटा संवेदक होता, सगळे मिळून बासष्ट. दरम्यान अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशातून अवरक्त संवेदकांचे पट तयार होऊ लागले आणि १९८०च्या दशकात ते खगोलशास्त्रज्ञांच्या हाती पडले. स्पिट्झरच्या कॅमेऱ्यात २५६ गुणिले २५६ बिंदूंचे चार पट आहेत. १९८५ साली ही दुर्बीण उडाली असती, तर ती कितीतरी आंधळी असती.

नासाच्या खगोलभौतिकी विभागाचे प्रमुख चार्ली पेलरिन यांनी हबल, कॉम्प्टन, चंद्रा आणि सर्टफ यांना चार ‘महान वेधशाळा’ म्हणून एकत्र मांडले होते. सर्टफ त्यातली चौथी, म्हणजे रांगेत शेवटची. १९८६ च्या जानेवारीत चॅलेंजरचा अपघात झाला आणि सगळ्यांचेच वेळापत्रक कोलमडले. प्रकल्प एम्सकडून पॅसाडिनाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीकडे गेला. १९९१ साली जॉन बाकॉल यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पुढच्या दशकाचा आराखडा मांडताना अवकाशातल्या मोठ्या नव्या प्रकल्पांत सर्टफला पहिले स्थान दिले. आता काम सुरू होणार असे वाटत असतानाच सगळे उलटे झाले. हबलच्या आरशातला दोष १९९० मध्ये उघड झालेला होता. गॅलिलिओ यानाचा अँटेना उघडला नाही. १९९३ च्या ऑगस्टमध्ये मार्स ऑब्झर्व्हर मंगळाजवळ पोचून हरवले. मोठ्या आणि महागड्या मोहिमांवरचा विश्वास उडाला आणि पैशाचा ओघ थांबला.

त्या वेळचा सर्टफचा आराखडा पाहिला की हे का झाले ते कळते. टायटन रॉकेटवर जाणारे ५७०० किलोचे यान, जवळपास चार हजार लिटर द्रव हेलियम, पृथ्वीभोवती एक लाख किलोमीटर उंचीची कक्षा, आणि खर्च २ अब्ज २० कोटी डॉलरच्या घरात. नव्या हवेत हे कोणी मान्य करणार नव्हते. खर्च अर्ध्या अब्ज डॉलरच्या आत बसवा, नाही तर प्रकल्प विसरा, अशी ती परिस्थिती होती.

इथे पुस्तकाचा गाभा येतो, म्हणून प्रस्तावनेतही थोडे थांबतो.

जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतले अभियंते जॉनी क्वॉक यांनी कक्षेचा प्रश्न उलटा करून पाहिला. थंड दुर्बिणीला पृथ्वी ही शेजारीण म्हणून नकोशी असते. जवळच्या कक्षेतून पाहिले तर पृथ्वी जवळजवळ अर्धे आकाश व्यापते आणि सतत उष्णता फेकत राहते. म्हणून आधीच्या आराखड्यात लाख किलोमीटर उंचीची वर्तुळाकार कक्षा धरली होती. पण तिथे जाऊन स्थिरावण्यासाठी वर जादा इंजिन आणि इंधन लागते. क्वॉक म्हणाले, पृथ्वीभोवती राहायचेच कशाला? यानाला पृथ्वीच्या ओढीतून जेमतेम सुटेल एवढा वेग द्या आणि सोडून द्या. ते सूर्याभोवती पृथ्वीच्या मागे मागे फिरेल आणि दरवर्षी सुमारे दीड कोटी किलोमीटर मागे पडत जाईल. वर इंजिन नको, कक्षा राखायला इंधन नको, पृथ्वीची उष्णता नाही, तिची सावली नाही, किरणोत्सारी पट्टे नाहीत. दुर्बीण दिवसेंदिवस एकाच ताऱ्याकडे बघत बसू शकते, मधे पृथ्वी आडवी येत नाही. किंमत एवढीच की बिघाड झाला तर दुरुस्तीला कोणी जाऊ शकणार नाही, आणि वर्षागणिक अंतर वाढत गेल्याने संदेश क्षीण होत जाणार.

दुसरी उडी फ्रँक लो यांची. १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये कोलोरॅडोतल्या ब्रूमफील्ड इथे शास्त्रज्ञांचा गट एकत्र जमला होता. तोवरच्या प्रत्येक थंड दुर्बिणीत संपूर्ण दुर्बीण हेलियमच्या टाकीसकट एका भल्यामोठ्या निर्वात पात्रात बसवलेली असे. जमिनीवर असतानाच ती थंड करायची म्हणजे हवा आत शिरता कामा नये, नाही तर ती आरशावर गोठेल. म्हणून बाहेरचे पात्र वातावरणाचा दाब पेलेल इतके भक्कम, म्हणजेच जड. लो यांनी विचारले, दुर्बीण जमिनीवर थंड असण्याची गरजच काय? ती गरम उडू द्या. फक्त उपकरणे आणि हेलियम एका लहान पात्रात ठेवा. आरसा आणि नळी बाहेर उघडी राहू द्या. अवकाश स्वतः थंड आहे. सूर्याकडची बाजू सौरपटाने झाकली आणि उलट बाजू काळी ठेवली, तर बाहेरचे कवच आपली उष्णता अवकाशात टाकून देत आपोआप ३५ केल्व्हिनच्या आसपास उतरेल. उरलेले काम उपकरणांना थंड करून बाहेर पडणारी हेलियमची थंड वाफ करील आणि दुर्बीण ५.५ केल्व्हिनपर्यंत, म्हणजे उणे २६७ अंश सेल्सिअसच्याही खाली जाईल.

या दोन कल्पना एकमेकींना धरून आहेत. क्वॉक यांच्या कक्षेत सूर्य नेहमी एकाच बाजूला राहतो आणि पृथ्वीचा त्रास नसतो, म्हणूनच लो यांचे उघड्या अंगाने थंड होणे जमते. चार हजार लिटर हेलियमच्या जागी सुमारे ३६० लिटर पुरेसा ठरला. यानाचे वजन हजार किलोच्या आत आले, टायटनच्या जागी डेल्टा रॉकेट चालले आणि खर्च मागितलेल्या मर्यादेत बसला. आरशाचा व्यास मात्र ८५ सेंटिमीटर राहिला. पैसे कमी झाले म्हणून दुर्बीण कमी प्रतीची झाली, असे या बाबतीत म्हणता येत नाही. थंड होण्याची ही रीत आधीच्या रीतीपेक्षा अधिक शहाणी होती. ती सुचायला मात्र गळ्याशी आलेली वेळ लागली.

ब्रूमफील्डच्या त्याच बैठकीत दुसरे, अधिक क्लेशदायक काम झाले. शास्त्रज्ञांनी स्वतःच्या इच्छांची छाटणी केली. ग्रह घडवणारी धुळीची कडी, तारा होण्याइतके न तापलेले तपकिरी बटू आणि महाग्रह, प्रचंड तेजस्वी अवरक्त दीर्घिका, आणि प्राचीन विश्व : या चार विषयांना जे लागेल तेवढेच ठेवायचे, बाकी प्रत्येक सोय काढायची. फिरती चाके, जादा फिल्टर, कुणाच्या तरी आयुष्यभराच्या अभ्यासासाठी हवा असलेला एखादा पट्टा, सगळे गेले. उडालेल्या यानाच्या थंड भागात हलणारे भाग अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. या प्रकरणात मी बराच रेंगाळलो आहे. जे नाकारले गेले त्याची नोंद यंत्रात कुठेच उरत नाही, ती इतिहासातच ठेवावी लागते.

बांधणीचा भाग त्या मानाने लवकर सांगता येतो. हलका आणि थंडीत आकार न बदलणारा म्हणून आरसा बेरिलियमचा केला. थंड भाग बोल्डरच्या बॉल एरोस्पेसने केला, यान लॉकहीड मार्टिनने. वेळापत्रक २००१ च्या अखेरीवरून पुढे सरकत गेले. २००३ च्या एप्रिलमध्ये उड्डाण काही दिवसांवर आले असता रॉकेटच्या एका बूस्टरमध्ये थर सुटल्याची शंका आली. मागे मंगळावर जाणारी बग्गी रांगेत होती आणि तिला मुहूर्त चुकवता येणार नव्हता. सर्टफ पुन्हा थांबली, ऑगस्टपर्यंत. उड्डाणानंतर डिसेंबरमध्ये तिला लायमन स्पिट्झर यांचे नाव मिळाले. पहिला कृत्रिम उपग्रह उडण्याच्या अकरा वर्षे आधी, १९४६ साली, अवकाशात दुर्बीण नेण्याचे फायदे त्यांनी लिहून ठेवले होते.

हेलियम अडीच वर्षे पुरावा अशी अट होती. तो साडेपाच वर्षांहून अधिक पुरला आणि १५ मे २००९ रोजी संपला. त्यानंतर महिना व्हायच्या आत, ११ जून २००९ रोजी, फ्रँक लो यांचे निधन झाले.

आधीच्या कोणत्याही हेलियमवरच्या दुर्बिणीचे काम अशा दिवशी संपले असते. स्पिट्झर मात्र हेलियमशिवायही २८ केल्व्हिनच्या आसपासच राहिली, कारण तिला थंड ठेवण्याचे बरेचसे काम अवकाशच करत होते. ३.६ आणि ४.५ मायक्रॉनचे दोन पट या तापमानाला पूर्वीसारखेच चालू राहिले, आणि त्या दोन पटांवर दुर्बीण आणखी साडेदहा वर्षे, ३० जानेवारी २०२० पर्यंत, काम करत राहिली.

त्या दुसऱ्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम ब्रूमफील्डच्या चार विषयांत नव्हतेच. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह सापडला १९९५ साली, आराखडा ठरून गेल्यावर. पण हेलियम शिल्लक असतानाच, २००५ मध्ये, स्पिट्झरने दोन दूरच्या ग्रहांपासून येणारी उष्णता थेट मोजली. कोणत्याही परक्या ग्रहाकडून आलेला प्रकाश माणसाने तेव्हा पहिल्यांदा टिपला. आणि २०१६ मध्ये ट्रॅपिस्ट-१ या चाळीस प्रकाशवर्षे दूरच्या बारक्या ताऱ्याकडे ती जवळपास वीस दिवस टक लावून बसली. त्या ताऱ्याभोवती पृथ्वीच्या मापाचे सात ग्रह आहेत, हे फेब्रुवारी २०१७ मध्ये जाहीर झाले. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या दुर्बिणीला असे अखंड बघता आले नसते. ही क्वॉक यांच्या कक्षेची देणगी. असल्या मोजमापासाठी लागणारा नेमकेपणाही नंतर कमावला गेला. यानातल्या बॅटरीचा हीटर सुरू-बंद होताना दुर्बीण किंचित डोलते हे अभियंत्यांनी शोधले आणि कोट्यवधी किलोमीटर दूर असलेल्या यानात हीटरचे चक्र बदलून ते डोलणे कमी केले. शनीचे प्रचंड आणि विरळ बाह्य कडे, अवकाशातले साठ कार्बन अणूंचे फुटबॉलच्या आकाराचे रेणू, आपल्या आकाशगंगेच्या मध्याचे धुळीआडचे रूप, हे शोध पुढच्या प्रकरणांत येतील.

आपल्याकडच्या वाचकाला हा विषय परका वाटू नये, याला एक सबळ कारण आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने एक मीटर व्यासाची अवरक्त दुर्बीण स्वतः घडवली आणि हैदराबादच्या बलून केंद्रावरून रात्रीच्या वेळी फुग्याने वातावरणाच्या वरच्या थरात नेली. शंभर मायक्रॉनच्या पुढच्या पट्ट्यात, जिथे जमिनीवरून पाहणे अशक्य, तिथे या दुर्बिणीने तारे जन्मणाऱ्या ढगांचे नकाशे काढले. पुढे जपानी शास्त्रज्ञांबरोबर १५८ मायक्रॉनला कार्बनच्या किरणांचे मोजमापही त्यातून झाले. निरीक्षण संपले की यंत्रे पॅराशूटने विशाखापट्टणम-हैदराबाद-सोलापूर या रेषेच्या आसपास कुठेतरी शेतात उतरतात आणि ती शोधून आणावी लागतात. दुर्बीण वर नेण्याची आणि परत आणून पुन्हा वापरण्याची जी स्वप्ने शटलसाठी पाहिली गेली, ती इथे लहान प्रमाणावर खरी झाली. आणि ब्रूमफील्डच्या यादीतल्या तपकिरी बटूंचे म्हणाल, तर १९९५ साली ग्लीझ २२९-बी हा मिथेन असलेला पहिला निर्विवाद तपकिरी बटू ज्या गटाने जाहीर केला, त्यात कॅलटेकचे श्रीनिवास कुलकर्णी होते. त्यांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा.

२५ डिसेंबर २०२१ रोजी उडालेली जेम्स वेब ही साडेसहा मीटरची दुर्बीण आता या क्षेत्रात राज्य करते. तिचे आरसे बेरिलियमचे आहेत, ती गरम उडाली, आणि सूर्यापासून आडोशाला राहून अवकाशातच थंड झाली. तिच्या मध्य-अवरक्त उपकरणाच्या विज्ञानगटाचे नेतृत्व जॉर्ज रीके यांनी केले. जवळच्या अवरक्ताच्या कॅमेऱ्याची प्रमुख जबाबदारी त्यांच्या पत्नी मार्शा रीके यांच्यावर होती. वेबविषयी मराठीत आता बरेच छापून येते आणि त्याचा आनंद आहे. पण वेब कशी शक्य झाली हे ज्यांना समजून घ्यायचे आहे, त्यांनी आधी स्पिट्झरकडे वळावे, असे मी आग्रहाने सांगेन.

पुस्तकात गणित जवळजवळ नाही. उष्णता कशी वाहते, हेलियम कसा उकळतो, संवेदकात काय घडते, हे समजण्यापुरते शालेय विज्ञान पुरते. घाईत असलेल्या वाचकाने थेट ब्रूमफील्डच्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल. विद्यार्थ्यांना मात्र एक विनंती आहे. स्पिट्झरने सोळा वर्षांत जमवलेली सगळी निरीक्षणे कॅलटेकमधल्या आयपॅक केंद्राच्या संग्रहात सर्वांसाठी विनामूल्य खुली आहेत. त्यासाठी कोणाची शिफारस लागत नाही की विद्यापीठाचे नाव लागत नाही. रत्नागिरीच्या किंवा लातूरच्या महाविद्यालयातल्या संगणकावरही ती उतरवून घेता येतात. हे पुस्तक वाचत असतानाच तिथून एखादी मूळ प्रतिमा घ्या, तिच्यातले आकडे स्वतः तपासा, आणि जे दिसेल त्याच्याविषयी आपल्या शिक्षकांना प्रश्न विचारा.